होडीच्या नाकावरचे पांढरे मेण

मित्रांनो, कुरुसे गावात तोकिएच्या घरामागे, भोपळ्याच्या वेलाखाली जी लाकडे पालथी पडली आहेत, ती म्हणजे मी. लांबून पाहणाऱ्याला जळणाचा ढीग वाटतो, आणि ते काही अगदीच खोटे नाही. एके काळी माझ्या अंगाला अकरा फळ्या होत्या. आता चार उरल्या आहेत. दरवर्षी पितरांच्या दिवसांत एक जाते.

जुन्या होडीने आपली कहाणी सांगायची म्हणजे शेवटी हात जोडून म्हणायचे, की बाळांनो, जुन्या वस्तूंना असे टाकून देऊ नका. मी तसे म्हणणार नाही. मला जपावे असे मी काही केलेले नाही. जे केले ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

मठामागच्या टेकडीवर देवदाराचे एक झाड होते. त्याचे लाकूड आणून मला बांधले ते दोघा मित्रांनी. एक गेन्साकु, माझा मालक. दुसरा योजिरो. दोघेही तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि दोघांची लग्ने व्हायची होती. गेन्साकुचा हात चपळ होता, पण कामात 'चालेल, चालेल' फार असे. योजिरोचे तसे नव्हते. प्रत्येक फळी तो तीनदा मोजायचा, खाली ठेवायचा आणि पुन्हा मोजायचा.

"यो, मासे काय मोजपट्टी घेऊन येणार आहेत का बघायला?" गेन्साकु म्हणायचा.

"मासे कशाला येतायत. पाणी येतं बघायला. त्याला सूतभर फट पुरते."

त्याच्या त्या मोजण्यापायी मी तीस वर्षांत एकदाही गळले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुढची वर्षे चांगली गेली. पलीकडच्या काठावर डॉक्टर, शाळा आणि बाजार होता, आणि पूल चालत तीन तासांवर. त्यामुळे नव्या नवऱ्या माझ्यातून या गावी आल्या. किनु गेन्साकुची बायको होऊन आली, तोकिए योजिरोची. उन्हाळ्यात मासेमारी, शरदात भाताची पोती, आणि ऑगस्टच्या सोळा तारखेला दिवे.

दिव्यांचे सांगते. आमच्याकडे पितर वर्षातून तीन दिवस घरी येतात. तेरा तारखेला दाराशी जाळ करून त्यांना बोलवायचे आणि सोळाला दिवा नदीत सोडून परत पाठवायचे. लाकडाच्या पाटीवर कागदाची चौकट, आत मेणबत्ती, कागदावर माणसाचे नाव. सबंध गाव घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहते, बायका डोळे पुसतात, आणि दिवे हळूहळू वळणापलीकडे जातात. वळणापलीकडे मी आणि गेन्साकु असायचो. खालच्या गावांच्या जाळ्यांत दिवे अडकू नयेत म्हणून तो ते उचलायचा, ओल्या बोटांनी वात चिमटायचा आणि पोत्यात कोंबायचा. एखाद्याची लाडकी आजी, एखादीचा तान्हा मुलगा, सगळे एकाच पोत्यात. घाटावरच्या लोकांना हे ठाऊक होते. पण वळणापलीकडे जाऊन बघायचे नाही, अशी पद्धत होती.

युद्ध संपून आठेक वर्षे झाली असतील, तेव्हा पावसाने दगा दिला. नदी आटून गुडघ्यापर्यंत आली. पाटाचे पाणी पाळीने सोडायचे ठरले, आणि पाळी मोजायची ती उदबत्तीने. एक उदबत्ती जळून संपेपर्यंत एका शेताला पाणी, ती विझली की पाटाचे दार फिरवून दुसऱ्याला. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आले होते. उदबत्ती कोणी राखायची, तर योजिरोने, असे सर्वांनी एकमताने म्हटले. त्याच्याइतके मोजमाप कोणाला कळत नव्हते. पाटाचे दार नदीच्या वरच्या अंगाला खडकावर होते, तिथे गेन्साकु त्याला रोज पहाटे माझ्यातून न्यायचा.

एके दिवशी गावच्या मुखियाची, मोरिवाकीची पाळी होती. त्याच्या गड्याने उदबत्ती घरूनच आणली. "मालकांनी खास मठातून आणवलीय," म्हणाला. योजिरोने ती लावली, पाणी सोडले, आणि थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने आपल्या खोक्यातली नेहमीची एक काडी काढली. खास काडीची राख झटकून, दोन्हींची लांबी बोटाने सारखी केली आणि ही दुसरी तिच्याशेजारी लावली. दोघे मित्र माझ्या काठावर बसून बघत राहिले.

"गेन, ही संपली. आणि ती?"

"ती अजून बोटभर आहे."

"एका मापाच्या होत्या दोन्ही. तू बघितलंस."

"बघितलं."

"मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलीय ती. त्यानं सावकाश जळते."

"असेल. पाणी ते पाणी, यो. जाऊ दे."

"बोटभर पाणी म्हणजे कुणाचं तरी शेत वाळलं."

"कुणाचं?"

"तुझंच. शेवटची पाळी तुझी आहे, मूर्खा."

गेन्साकु हसला. मला वाटते, त्याला तेव्हा खरेच हसू आले असावे.

सभा मठात झाली. होडीला सभेला कोण नेणार? पण दुसऱ्या दिवशी गेन्साकु माझ्या तळाशी बसून किनुला सांगत होता, ते मी ऐकले. योजिरोने दोन्ही काड्यांची थोटके चटईवर ठेवली होती. मोरिवाकी शांतपणे म्हणाला होता, "दुसरं कोण होतं तिथं?" योजिरो म्हणाला होता, "गेन्साकु होता." आणि मग सगळ्या सभेने गेन्साकुकडे तोंड फिरवले होते.

"मग? काय म्हणालात तुम्ही?" किनुने विचारले.

"म्हटलं, मला डुलकी लागली होती."

किनुने आधी मागे वळून घाटावर कोणी नाही ना ते पाहिले. मग म्हणाली, "बरं केलंत. पाळ्या ठरवणारे मालक आहेत. आपल्याला भात खायचाय."

खरे सांगायचे तर त्या सभेत एकालाही योजिरोचा शब्द खोटा वाटला नव्हता. मिठाची उदबत्ती मोरिवाकीच्या बापानेही वापरली होती, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होते. पण मुखियाची मान सभेत खाली गेली होती, आणि ती वर यायची तर दुसऱ्या कोणाची तरी खाली जायलाच हवी. गावाने योजिरोच्या घराला वाळीत टाकले.

आमच्याकडे वाळीत टाकण्याचाही हिशोब असतो. माणसामाणसांतले व्यवहार दहा. लग्न, जन्म, आजारपण, घरबांधणी, पूर, प्रवास वगैरे आठ बंद करायचे. दोन चालू ठेवायचे, आग आणि मरण. यात दया नाही बरे का. आग शेजारच्या घराला लागते आणि मढे कुजते, एवढेच कारण. त्या दिवसापासून योजिरोला दुकानात मीठ मिळेना, घाटावर कोणी 'कसा आहेस' एवढे दोन शब्दही बोलेना. गेन्साकु त्याला पाहिले की जाळे दुरुस्त करायला बसायचा. माझे जाळे त्या वर्षी जितके दुरुस्त झाले तितके कधीच झाले नाही.

पुढच्या वसंतात योजिरोच्या छपराचे गवत बदलायला झाले. ते काम एकट्याचे नव्हे. सबंध आळी चढते, बायका खालून पेंढ्या देतात, संध्याकाळी जेवण होते. घरबांधणी आठात येते म्हणून कोणी आले नाही. योजिरो एकटाच चढला. तिसऱ्या दिवशी तो छपरावरून पडला आणि त्याची कंबर मोडली.

तोकिए धावत घाटावर आली. पायात काही नव्हते. गेन्साकु माझ्याजवळच उभा होता.

"गेन्साकु-सान, पलीकडून डॉक्टरला आणायला हवं. लगेच."

"होडी गळतीय."

तिने वाकून माझ्या तळात पाहिले. मी ठणठणीत कोरडी होते.

"कोरडी तर आहे."

"मधे गेल्यावर गळते."

"गळू दे. मी पाणी उपसत बसते. तुम्ही फक्त न्या."

गेन्साकुने माझ्या कडेवर हात ठेवला आणि काढला. "वहिनी," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी त्याने तिला हाक मारली ती अशी, "आजारपण आठात येतं. नियम काही मी केलेला नाही."

ती वाद घालत बसली नाही. पुलाच्या वाटेने चालू लागली. तीन तास जायला, तीन यायला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले, त्यांना शोधायला आणखी काही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांना घेऊन आली, तेव्हा योजिरो पाण्यासाठी हाका मारून मारून गप्प झाला होता. भिंतीपलीकडच्या घराला त्या हाका रात्रभर ऐकू गेल्या. ते घर चांगल्या माणसांचे आहे, मुलांना मारीत नाहीत, कुत्र्यालाही रोज घालतात.

आणि मग मरण दोनात येते म्हणून अर्ध्या तासात सबंध गाव दारात हजर. कोणी सरपण आणले, कोणी तांदूळ. मोरिवाकी स्वतः पांढऱ्या हातरुमालाने डोळे टिपत उभा राहिला. पलीकडच्या सुताराकडून शवपेटी आणायला गेन्साकु माझ्यातून गेला आणि चहा गार व्हायच्या आत परत आला. त्या दिवशी मी गळले नाही. तोकिए घाटावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, गेन्साकुकडे नव्हे. देवदाराच्या लाकडाला लाजता येत असते तर मी तिथेच तडकले असते.

ऑगस्ट आला. माणूस गेल्यानंतरचे पहिले वर्ष म्हणजे त्याचा दिवा पांढरा, बाकीच्यांचे रंगीत. पहिल्या वर्षी दिवा मिळाला नाही तर त्या जिवाला तिकडची वाट सापडत नाही, असे आमच्यात मानतात. तोकिएला दुसरे काही नको होते. दिवा सोडू द्या, एवढेच ती मठातल्या भिक्खूंकडे जाऊन म्हणाली.

पुन्हा सभा. दिवे हे मरणात धरायचे की सणात? मोरिवाकीचे म्हणणे, खांदा दिला तिथे आपले देणे फिटले. दिव्यांच्या दिवशी ढोल वाजतो, मुले कलिंगड खातात, तेव्हा हा सण. भिक्खू सहसा मुखियाच्या पुढे बोलत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "नदी काही पाळीने सोडलेली नाही, मोरिवाकी-सान." सभेत दोघेतिघे हसले. हसू आले नसते तर कदाचित पुढचे घडले नसते.

"सोडू दे तिला," मोरिवाकी म्हणाला. "मी कोण अडवणारा?"

त्याच संध्याकाळी तो घाटावर आला आणि माझ्या कडेवर टेकला.

"गेन्साकु, तू दर साली वळणापलीकडे उभा असतोस. यंदा अलीकडे ये. लव्हाळ्यात. कंदील लावू नकोस."

"कशाला, मालक?"

"लव्हाळ्याच्या आत उलटा प्रवाह आहे. तिथं गेलेली वस्तू फिरून घाटाला लागते. तुला मी सांगायला हवं का?"

ज्याचा दिवा फिरून घाटाला येतो, त्याला पितरांनी आत घेतले नाही, तो कलंकित होता, असे आमच्याकडची लहान मुलेही सांगतील.

"मालक, तो मेला आता. आता काय?"

"मेला म्हणूनच. जिवंत माणसाला खोटं ठरवायला पुरावा लागतो." मोरिवाकी उठला, कपडे झटकले. "पाण्याच्या पाळ्या लावतोय. पहिली तुझी टाकू म्हणतो."

सोळा तारखेला दिवेलागणीला मी लव्हाळ्यात उभी होते. घाटावर सगळे नटूनथटून आले होते. दुकानदाराने सणाच्या लाल मेणबत्त्या घरोघर दिल्या होत्या, फक्त एक घर सोडून. दिव्याचा पांढरा कागदही त्याने तोकिएला दिला नव्हता. म्हणून तिने घराच्या सरकत्या दाराचा कागद कापला होता, आणि देवघरातली उरलीसुरली पांढरी मेणबत्ती आत लावली होती. ती सर्वांत शेवटी पायऱ्या उतरली. लोक बाजूला झाले, जागा देण्यासाठी नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून.

दिवा निघाला. लाल-निळ्या दिव्यांच्या मागे मागे, थोडा तिरका, पण प्रवाहात नीट. लव्हाळ्यासमोर आला तेव्हा गेन्साकुने बांबू तळाला रोवला आणि मला पुढे रेटले. मित्रांनो, मी लाकूड आहे. माझे नाक त्या दिव्याला लागले, अगदी हळूच, आणि मी त्याला प्रवाहातून बाजूला ढकलले. दिवा कलंडला, आतले कढत मेण माझ्या नाकावर सांडले, आणि तो उलट्या पाण्यात शिरून घाटाकडे परत गेला.

घाटावरचा ढोल थांबला. मग कोणी म्हातारी म्हणाली, "आजोबा-पणजोबांनीच दार लावलं बघा त्याच्या तोंडावर."

तोकिए पाण्यात उतरली. मला वाटले, आता ती कोसळणार. पण ती दिव्याशी बोलू लागली, नवऱ्याशी घरात बोलावे तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"काय विसरलात? दर वेळचंच आहे. बाजाराला निघायचं आणि वळणावरून माघारी यायचं, तंबाखू राहिली म्हणून."

तिने कंबरेला खोचलेली योजिरोची तंबाखूची पिशवी काढली, पाटीवर मेणबत्तीशेजारी ठेवली, आणि दिवा पुन्हा प्रवाहात लावला. "जा आता. थांबलेत सगळे."

दिवा पुन्हा माझ्यासमोर आला. उजेडात ती पिशवी दिसली. तिचा निळा बंद गेन्साकुनेच कधी तरी ओवून दिला होता. त्याने बांबू पाण्यातून अर्धा वर काढला. मला वाटले, नाही करणार. पण भीती ही सवयीची गोष्ट आहे. पहिल्यांदा केले ते दुसऱ्यांदा सोपे जाते. त्याने डोळे मिटले आणि मला रेटले.

दिवा घाटाला लागला. या वेळी मुले हसली. आयांनी त्यांना गप्प केले नाही. मोरिवाकी मान हलवीत म्हणाला, "आम्ही मोठ्या मनानं सोडू दिलं. तिकडचेच नको म्हणतात, त्याला कोण काय करणार?"

तोकिएने तिसऱ्यांदा दिवा लोटला नाही. तिने तो उचलला, पदराआड धरतात तसा बाहीआड धरला. "चला घरी," म्हणाली. आणि पेटता दिवा घेऊन पायऱ्या चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे धुवायला आली, तेव्हा गेन्साकु जाळे घेऊन बसला होता. तिची नजर माझ्या नाकावर गेली. तिने नखाने खरवडले, बोटावर घेऊन पाहिले.

"गेन्साकु-सान, होडीच्या नाकाला मेण लागलंय."

"काल दिवे गोळा केले ना. लागायचंच."

"कालच्या सगळ्या मेणबत्त्या लाल होत्या. दुकानातल्या." ती बोट त्याच्यासमोर धरून उभी राहिली. "पांढरी एकच होती."

गेन्साकुच्या हातातली सुई जाळ्यात अडकून बसली. तिने बोट पाण्यात बुचकळून धुतले, कपडे धुतले, पिळले आणि निघून गेली. ना शिवी, ना शाप. गेन्साकुने नंतर वाळू घेऊन माझे नाक घासले, पण लाकडाच्या रेषांत शिरलेले मेण निघत नाही. ते अजून आहे.

गेन्साकुला त्या वर्षी पहिली पाळी मिळाली. त्याच्या शेतात भात कमरेएवढा आला.

यानंतरची वर्षे भरभर सांगते. मोरिवाकी चांगला पिकून, झोपेत गेला. त्याचा पांढरा दिवा गावातला सर्वांत मोठा होता आणि बाणासारखा सरळ वळणापलीकडे गेला. त्याला परत लोटा, असे मला कोणी सांगितले नाही. मग विजेचा पंप आला आणि उदबत्तीची गरज संपली. तोकिएवरचा बहिष्कार कोणी उठवला असे नाही. शेजाऱ्याकडे राहिलेल्या छत्रीसारखा तो विसरला गेला. लोक तिला 'कशी आहेस' विचारू लागले, आणि तीही 'बरी आहे' म्हणू लागली. पण दर सोळा तारखेला सगळी घरे दिवा सोडत, ती सोडत नसे. तो कापलेल्या कागदाचा दिवा तिने घरात ठेवला होता आणि त्याच्यापुढे रोज भाताची वाटी. "ते घरीच आहेत," असे ती सांगायची, जसे काही योजिरो मागच्या अंगणात लाकडे फोडतो आहे.

गेन्साकु अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने तिला बोलावणे पाठवले. ती आली. हे मी नंतर घाटावर, किनु दुसऱ्या बायकांना सांगत असताना ऐकले. तो तिच्याकडे पाहत राहिला, तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. ती उशाशी बसून वाट पाहत होती. शेवटी तो म्हणाला, "यंदा ऊन फार आहे, नाही?" ती म्हणाली, "हो. फार आहे." त्यानंतर दोन दिवसांनी तो वारला.

ऑगस्टमध्ये किनुने त्याचा पांढरा दिवा सोडला. मी घाटाला बांधलेली होते, मला चालवणारे कोणी उरले नव्हते. दिवा निघाला, लव्हाळ्यापर्यंत गेला, आणि तिथे आपोआप उलट्या पाण्यात शिरला. कोणी ढकलले नव्हते. पूर येऊन नदीचा तळ बदलला होता, एवढेच. तो गोल गोल फिरू लागला आणि घाटाकडे यायला लागला. ढोल थांबला. लोक एकमेकांकडे बघू लागले. किनुने तोंडावर बाही घेतली आणि पायरीवर बसकण मारली.

तेव्हा तोकिए गर्दीतून पुढे आली. तिने माझा दोर सोडला, आत पाय ठेवला, बांबू उचलला. तिला होडी हाकता येते हे मलाही ठाऊक नव्हते. ती सरळ त्या दिव्यापाशी गेली. माझ्या नाकाशी वाकली आणि तिचा हात त्या जुन्या मेणावर पडला. थोडा वेळ तिने तो तिथेच ठेवला. मग ती दिव्याशी बोलली. घाटावर कोणाला ऐकू गेले नाही. मला गेले.

"तुम्हाला पाठवते मी, गेन्साकु-सान. पण तिकडं ते नाहीत. तुम्ही जाऊ दिलं नाहीत, म्हणून ते माझ्याकडे आहेत. तिकडं तुम्हाला बाकी सगळे भेटतील. माफी मागायला कुणी भेटायचं नाही." तिने दिव्याची पाटी सरळ केली. "मागायची असली तर दरवर्षी माझ्या दाराशी या. मी जाळ करीन. तुमच्या होडीचाच करीन, म्हणजे धूर ओळखाल."

आणि तिने माझ्याच नाकाने, अगदी हळूच, दिवा प्रवाहात लोटला. तो गेला.

घाटावर बायका रडत होत्या. केवढे मन, म्हणाल्या. किनुने तिच्या पायांशी डोके टेकले आणि मला देऊन टाकले. "ही तुमचीच म्हणा," म्हणाली. तेव्हापासून गावात तोकिएला देवमाणूस समजतात. नव्या सुनांना तिचे उदाहरण देतात.

या गोष्टीला सात वर्षे झाली. दर तेरा तारखेला संध्याकाळी ती कुऱ्हाड घेऊन येते, माझी एक फळी काढते, दाराशी रचते आणि पेटवते. योजिरोने तीनदा मोजलेल्या फळ्या आहेत, छान जळतात. शेजारी योजिरोचा दिवा ठेवते. मग ओट्यावर बसून धुराकडे पाहते आणि म्हणते, "बोला." जाळ विझेपर्यंत बसते. विझला की राख भरून भोपळ्याच्या मुळाशी टाकते आणि जेवायला आत जाते. सोळा तारखेचा, परत पाठवण्याचा दिवा ती त्याच्यासाठीही सोडत नाही.

मित्रांनो, माझ्या उरलेल्या फळ्यांत नाकाची एक आहे. ती तिने शेवटाला ठेवली आहे. ती जळेल त्या वर्षी मेण चरचरेल, आणि मग मी नसेन. तोवर मला जे करता येण्यासारखे आहे ते करते आहे. त्या पहाटे खडकावर तिघे होतो. योजिरो होता, गेन्साकु होता, मी होते. गेन्साकुला डुलकी लागली नव्हती. ती काडी बोटभर उरली होती आणि त्याने ती पाहिली होती. पण माझे बोलणे तोकिएला ऐकू येत नाही. मला तोंड नव्हते आणि नाही म्हणायला हात नव्हते. तुम्हाला दोन्ही आहेत. कधी सबंध सभेने तुमच्याकडे तोंड फिरवले, तर डुलकी लागली होती असे म्हणू नका.

परवा तेरा तारीख. सकाळपासून अंगणात कुऱ्हाडीला धार लावल्याचा आवाज येतो आहे. यंदाही ऊन फार आहे.